पडद्यामागच्या कामांची शाळा

लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागाला लागून, पश्चिमेकडच्या दाट वस्तीत एडवर्ड आर. रॉयबल लर्निंग सेंटर ही सरकारी शाळा आहे. २०२२-२३ च्या शैक्षणिक वर्षात तिच्या आवारात चित्रपट आणि दूरचित्रवाणी निर्मितीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पहिल्या वर्षी नववी-दहावीची मुले-मुली आली. गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास हे नेहमीचे विषय तिथे शिकवले जातातच. त्याच वेळापत्रकात कॅमेरा, प्रकाशयोजना, ध्वनी, संकलन, वेशभूषा, नेपथ्य यांचेही तास असतात. शाळा सरकारी असल्याने फी नाही. बारावीनंतर महाविद्यालयात जाता यावे आणि हवे असेल तर सेटवर कामालाही लागता यावे, असा दुहेरी विचार करून अभ्यासक्रम बांधलेला आहे. एखाद्या उद्योगाला सोबत घेऊन चालवल्या जाणाऱ्या व्यवसायाभिमुख माध्यमिक शिक्षणाचे हे अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे.

ते गाजले त्याचे एक कारण म्हणजे त्यामागची नावे. जून २०२१ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा लॉस एंजेलिसच्या शिक्षणमंडळाबरोबर अभिनेता-दिग्दर्शक जॉर्ज क्लूनी, त्याचा निर्मितीतला भागीदार ग्रँट हेस्लोव्ह, कलावंतांचे व्यवहार पाहणाऱ्या बड्या एजन्सीचा ब्रायन लॉर्ड आणि ब्रिटिश निर्माते टिम बेव्हन व एरिक फेलनर होते. डॉन चीडल, केरी वॉशिंग्टन, मिंडी कॅलिंग, इव्हा लाँगोरिया हे कलावंतही सल्लागार म्हणून जोडले गेले. साहजिकच तारे-तारका घडवणारी शाळा असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात ही शाळा अभिनयासाठी काढलेलीच नाही. तिचा रोख चित्रपटाच्या शेवटी वर सरकत जाणाऱ्या त्या लांबलचक नामावलीकडे आहे, जी सुरू झाली की प्रेक्षक उठून दाराकडे निघतात.

हॉलिवूडच्या अंदाजपत्रकात एक रेघ असते. रेघेच्या वर लेखक, निर्माता, दिग्दर्शक आणि प्रमुख कलावंत यांचा खर्च. रेघेखाली उरलेले सगळे: छायाचित्रणाचा चमू, दिवे लावणारे, दिव्यांपुढे जाळ्या आणि पडदे उभे करणारे, ध्वनिमुद्रक, सुतार, रंगारी, सामानसुमान सांभाळणारे, शिंपी, केशभूषाकार, रंगभूषाकार, सातत्य तपासणारे, चित्रीकरणाच्या जागा शोधणारे, हिशेबनीस, वाहनचालक, संकलक, दृश्यपरिणाम करणारे संगणकतज्ज्ञ. मोठ्या चित्रपटात ही संख्या सहज शेकड्यांत जाते. ही कामे बहुधा संघटित आहेत, त्यांना ठरलेले वेतन आणि आरोग्यविमा मिळतो, आणि त्यांतल्या बऱ्याच कामांना महाविद्यालयाची पदवी लागत नाही. कामगार कुटुंबातल्या मुलासाठी ही चांगली उपजीविका आहे. पण शहरात राहूनही या कामांचा पत्ता त्याच्या घरापर्यंत पोचत नाही.

याचे मूळ या धंद्यात शिरण्याच्या रीतीत आहे. चित्रपटाचा चमू काही आठवड्यांसाठी जमतो आणि काम संपले की पांगतो. पुढच्या चित्रपटासाठी माणसे गोळा करायला हाताशी चार-आठ दिवस असतात. अशा वेळी विभागप्रमुख जाहिरात देत बसत नाही. मागच्या वेळी ज्याच्याबरोबर काम केले त्याला फोन लावतो. त्यामुळे सुताराचा मुलगा सुतार आणि प्रकाशवाल्याची पुतणी प्रकाशवाली होते. यात कोणाचे कपट असते असे नाही, ओळखीवर भरवसा ठेवणे ही घाईच्या धंद्याची गरजच असते. परिणाम मात्र एकच होतो: ज्याच्या घरात कोणी सेटवर गेलेले नाही, त्याला फोन येत नाही.

त्यावर संघटनांच्या नियमांचा थर चढतो. अमेरिकेत रंगमंच आणि चित्रपट तंत्रज्ञांची मोठी संघटना १८९३ पासून आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओंशी करार करणाऱ्या तिच्या १३ शाखा आहेत. छायाचित्रणवाल्यांची ६००, संकलकांची ७००, वेशभूषावाल्यांची ७०५, रंग-केशभूषेची ७०६, दिवेवाल्यांची ७२८, अशा त्या आकड्यांनीच ओळखल्या जातात. अनेक खात्यांत नोकरीसाठी अनुभवनोंदीच्या यादीत नाव असावे लागते, आणि त्या यादीत यायला करारबद्ध निर्मात्याकडे ठरावीक दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. पुष्कळ खात्यांत वर्षभरात ३० दिवस. यादीत नसलेल्याला काम मिळणे कठीण आणि काम मिळाल्याशिवाय यादीत येणे कठीण. यादीतली माणसे पुरेनाशी झाली की बाहेरच्याला संधी मिळते, पण तेव्हाही आधी आठवतो तो ओळखीचाच. नियम अनुभवी कामगाराच्या संरक्षणासाठी आहेत आणि ते संरक्षण मोलाचेही आहे. पण उंबऱ्याबाहेरच्या मुलीच्या दृष्टीने ती एक बंद कडी आहे. शाळा आणि उद्योग यांची भागीदारी खरी की नावापुरती, हे ओळखण्याची सर्वांत चांगली खूण म्हणजे ती ही कडी कितपत काढून देते.

स्टुडिओंनाही हे प्रश्न वेगळ्या बाजूने टोचत होते. २०१० नंतरच्या दशकात घरबसल्या पाहायच्या मालिकांचे पीक आले आणि तयार हातांची टंचाई जाणवू लागली. दुसरीकडे, चमूची घडण शहराच्या घडणीशी जुळत नव्हती. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत लॅटिनो मुलांची मोठी बहुसंख्या आहे. सेटवर तसे चित्र दिसत नाही. हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, कामाच्या दर्जाचाही आहे. कृष्णवर्णीय अभिनेत्रींनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे की सेटवरच्या केशभूषाकाराला त्यांचे कुरळे केस हाताळता येत नसल्याने त्या घरून केस बांधून येतात. गडद त्वचेवर उजेड कसा टाकायचा हे कौशल्यही शिकावे लागते, आणि ती गरज ज्यांना स्वतःच्या घरात दिसते त्यांना ते लवकर उमगते.

या शाळेच्या इमारतीचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. शिक्षणमंडळाने १९९० च्या दशकात इथे मोठी शाळा बांधायला घेतली, आणि ही जमीन जुन्या तेलक्षेत्रावर आहे, तिच्यातून मिथेनसारखे वायू येतात, हे पुढे मोठ्या वादाचे कारण झाले. काम रखडले. नंतर जमिनीखाली भूकंपाची भेगही आढळली. दुरुस्त्या, पाडापाडी आणि फेरबांधणी होऊन अखेर २००८ मध्ये शाळा उघडली, तोवर ती देशातल्या सर्वांत खर्चिक सरकारी शाळांपैकी एक ठरली होती. तिला नाव मिळाले ते एडवर्ड रॉयबल यांचे. ते १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेवर निवडून आलेले मेक्सिकन वंशाचे पुढारी होते आणि पुढे १९६३ ते १९९३ अशी तीस वर्षे अमेरिकी काँग्रेसमध्ये होते. स्थलांतरितांच्या वस्तीत, इतक्या अडचणींतून उभ्या राहिलेल्या शाळेला चित्रपटाच्या विभागासाठी निवडले जाणे ही चांगली गोष्ट झाली.

हा विभाग ‘मॅग्नेट’ म्हणजे चुंबक या प्रकारात मोडतो. अमेरिकेत मूल राहत्या भागातल्या शाळेत जाते, आणि वस्त्याच वंशावार वाटल्या गेल्याने शाळाही तशाच वाटल्या गेल्या होत्या. १९७० च्या दशकात न्यायालयांच्या आदेशांमुळे ही विभागणी मोडण्याचे मार्ग शोधले जात होते. त्यांतला एक असा, की काही शाळांत विज्ञान, संगीत, भाषा असा एखादा खास विषय जोमाने शिकवायचा आणि त्याच्या ओढीने शहरभरातून मुले यावीत अशी सोय करायची. रॉयबलमध्ये ओढ चित्रपटाची आहे.

मात्र शाळेत धंदा शिकवण्याची कल्पना याहून बरीच जुनी आहे आणि तिच्यावर एक डागही आहे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने शेती, गृहशास्त्र आणि औद्योगिक कामांच्या शालेय शिक्षणाला पैसा द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, पण काही दशकांत शाळेचे दोन भाग पडले. एका भागातली मुले पुस्तके वाचून विद्यापीठात जायची, दुसऱ्या भागातली कार्यशाळेत. कोणी कुठे जायचे हे मुलाच्या आवडीपेक्षा त्याच्या घरावरून, रंगावरून ठरू लागले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटू नये. दहावीला कमी गुण पडले म्हणून आयटीआयला धाडलेल्या मुलाकडे पाहण्याची नजर आठवली की पुरे.

हा डाग पुसण्याचा पहिला नेमका प्रयत्न १९६९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. तिथल्या एडिसन हायस्कूलमध्ये शहराच्या वीज कंपनीच्या मदतीने विजेच्या कामाची ‘अकादमी’ निघाली. मोठ्या शाळेच्या पोटात एक छोटी शाळा, ठरलेले शिक्षक, एकत्र राहणारी मुले, एक व्यवसाय आणि त्या व्यवसायातली खरी कंपनी, असा हा साचा. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाने तो उचलला आणि राज्याच्या अनुदानाने भागीदारी-अकादम्या काढल्या. केंद्राचे पैसे येत राहिले. ते देणाऱ्या १९८४ च्या पर्किन्स कायद्याला अनेकदा मुदतवाढ मिळाली, शेवटची मोठी दुरुस्ती २०१८ ची. दरम्यान ‘व्होकेशनल’ हा शब्द मागे पडला आणि ‘करिअर व तंत्रशिक्षण’ असे नाव रूढ झाले.

असल्या शाळांचा खरोखर उपयोग होतो का, याची एक चांगली तपासणी झालेली आहे. एमडीआरसी या संशोधनसंस्थेने नऊ शाळांमधल्या अकादम्या निवडल्या. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकून काही मुलांना प्रवेश मिळाला आणि काहींना नाही. दोन्ही गट मुळात सारखेच असल्याने पुढचा फरक अकादमीमुळे पडला असे म्हणता येते. शाळा संपल्यानंतरची आठ वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. २००८ च्या अहवालानुसार अकादमीतल्या मुलांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त होती, आणि हा लाभ मुख्यतः मुलग्यांच्या वाट्याला आला. पदव्या मिळवण्यात दोन्ही गट जवळपास बरोबरीत राहिले. म्हणजे धंदा शिकल्याने मुले उच्च शिक्षणापासून तुटली नाहीत, आणि नोकरीत पुढे राहिली. मुलींना तेवढा फायदा का झाला नाही, हा प्रश्न प्रत्येक नव्या शाळेने समोर ठेवायला हवा. चित्रपटाच्या सेटवर तर विशेषच, कारण दिवे आणि सुतारकाम ही खाती आजही पुरुषांनीच भरलेली दिसतात.

चित्रपटाच्या बाबतीत या साच्याची थेट प्रेरणा लंडनहून आली. लंडन स्क्रीन अकादमी सप्टेंबर २०१९ मध्ये उत्तर लंडनच्या हायबरी भागात उघडली. ती १६ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे, सरकारी पैशावर चालते आणि तिथेही फी नाही. संस्थापक सगळे निर्माते: जेम्स बाँडच्या चित्रपटांचे बार्बरा ब्रोकली आणि मायकेल जी. विल्सन, हॅरी पॉटरचे डेव्हिड हेमन, लिसा ब्रायर, आणि वर उल्लेख आलेले बेव्हन व फेलनर. ब्रिटनमध्ये स्टुडिओंना काम भरपूर होते आणि कुशल माणसे कमी पडत होती. शिवाय होती तीही एकाच थरातून आलेली. निर्मात्यांनी काढलेली शाळा असल्याने तिच्यात कोणते काम शिकवायचे हा निर्णय कोणत्या कामाला माणूस मिळत नाही यावरून करता येतो. बेव्हन-फेलनर यांचा हा अनुभवच पुढे लॉस एंजेलिसला उपयोगी पडला.

अमेरिकेतही आधीची एक वाट होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात २००० मध्ये घेटो फिल्म स्कूल ही संस्था सुरू झाली. ती शाळेनंतरच्या वेळात किशोरवयीनांना चित्रपट करायला शिकवते. तिच्या पुढाकाराने आणि शहराच्या शिक्षणविभागाच्या साथीने २००९ मध्ये ब्राँक्समध्येच ‘द सिनेमा स्कूल’ ही पूर्णवेळ सरकारी शाळा निघाली. तिचा कल कथा सांगण्याकडे, म्हणजे रेघेच्या वरच्या बाजूकडे जास्त आहे. रॉयबलचा कल रेघेखाली. दोन्हींची गरज आहे, पण नोकऱ्यांची संख्या पाहता दुसऱ्या वाटेने जाणारी मुले जास्त असायला हवीत.

शाळा नव्हत्या तेव्हाही ही कामे कोणी तरी शिकतच होते, ते स्टुडिओत. हॉलिवूडचे जुने स्टुडिओ माणसे पगारावर ठेवत आणि मुले हाताखाली राहून तयार होत. महाराष्ट्रातही तसेच घडले. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी पडेल ते काम करत उमेदवारी केली, आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच त्यांनी प्रभात कंपनी उभी केली. फत्तेलालांचे नेपथ्य, दामल्यांचे ध्वनिमुद्रण हे कोणत्याही वर्गात शिकलेले नव्हते. स्टुडिओंची ही पद्धत मोडली तशी उमेदवारीची जागाही गेली. प्रभातच्याच पुण्यातल्या आवारात १९६० मध्ये शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट आली. पण तिच्या बहुतेक पूर्णवेळ अभ्यासक्रमांना पदवीची अट आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी ती नाही. भारतात शालेय पातळीवर केंद्रीय मंडळाने अकरावी-बारावीला माध्यमशिक्षणाचा विषय ठेवला आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. हा परिचय झाला. तिकडच्या शाळा त्याच्या पुढची पायरी आहेत.

वर्गात नेमके काय शिकवले जाते? पहिली गोष्ट म्हणजे कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांची अट पुरी केली जाते. राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशासाठी ‘ए’ ते ‘जी’ अशा सात गटांत मिळून १५ वार्षिक अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात: इतिहास, इंग्रजी, गणित, प्रयोगशाळेतले विज्ञान, परकी भाषा, कला आणि एक ऐच्छिक. चित्रपटाचे अभ्यासक्रम नीट आखून मंजूर करून घेतले तर ते ‘एफ’ म्हणजे कलेच्या किंवा ‘जी’ म्हणजे ऐच्छिकाच्या गटात धरले जातात. हा बारकावा नीरस वाटेल, पण जुन्या दोन भागांतली भिंत इथेच पडते. कॅमेऱ्यामागे घालवलेला तास विद्यापीठाच्या हिशेबातही मोजला गेला की मुलाला दोन वाटांपैकी एक सोळाव्या वर्षीच बंद करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नेहमीचे विषय आणि धंदा यांची गाठ, आणि इथे शिक्षकाला खरोखर काम आहे. दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला अंतराच्या वर्गाचा नियम तो हाच, आणि दिवेवाला तो दिवसातून वीस वेळा वापरतो. भिंगाच्या झडपेवरचे १.४, २, २.८, ४, ५.६ हे आकडे दोनच्या वर्गमुळाने वाढत जातात, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. वर्गमूळ कशासाठी शिकायचे असे विचारणाऱ्या मुलाच्या हातात ते भिंग देता येते. पिवळसर दिव्याचा रंग ३२०० केल्व्हिन आणि दुपारच्या उन्हाचा ५६०० च्या आसपास, म्हणून खिडकीजवळच्या दृश्यात दिव्यावर निळा कागद लावावा लागतो. वीज किती अँपिअर ओढली जाईल याचा हिशेब चुकला तर फ्यूज उडतो, कधी त्याहून वाईटही होते.

भाषेच्या तासालाही असेच काम मिळते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट. त्या पानाची फोड करायची असते: दृश्य कुठे घडते, दिवस की रात्र, पात्रे कोण, हातातली वस्तू कोणती, कपडे कोणते, कोणते वाहन, कोणता प्राणी. मग एकाच जागेची दृश्ये एकत्र करून चित्रीकरणाचा क्रम लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी कोणी किती वाजता कुठे पोचायचे याची कॉलशीट काढायची. सातत्य तपासणाऱ्याला तर शब्द न् शब्द वाचावा लागतो. नायिकेने चहाचा कप कोणत्या हातात धरला होता, कितव्या शब्दाला तो खाली ठेवला, मेणबत्ती कितपत जळली होती, याची नोंद तो ठेवतो, कारण त्याच दृश्याचा पुढचा तुकडा कदाचित तीन दिवसांनी चित्रित होणार असतो. काळजीपूर्वक वाचन म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला पाठ मिळणे अवघड.

ध्वनीच्या मुलांना शांतता मुद्रित करायला शिकवतात. संवाद संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी थांबवून त्या खोलीची निव्वळ स्तब्धता अर्धा-एक मिनिट टिपून घेतात. संकलनात संवाद जोडताना मधल्या फटी तिनेच भरतात. संकलनाच्या मुलांना आधी शिस्त लावावी लागते: चित्रित मजकुराच्या एकाहून अधिक प्रती, वेगवेगळ्या ठिकाणी, नावे ठरलेल्या पद्धतीने. एका हरवलेल्या फाइलमुळे पन्नास माणसांचा दिवस वाया जातो, हे मुलाला एकदा स्वतःच्या चित्रपटात अनुभवू देणे सगळ्या सूचनांपेक्षा जास्त परिणाम करते.

हे शिकवणार कोण, हा अशा शाळांचा जुना पेच. उत्तम दिवेवाल्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नसते, आणि पदवीधर शिक्षकाने सेट पाहिलेला नसतो. कॅलिफोर्नियात यासाठी वेगळे परवानापत्र आहे; तीन वर्षांच्या, म्हणजे ३,००० तासांच्या प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर व्यावसायिक शिक्षक होता येते, अध्यापनाचे प्रशिक्षण पुढे घ्यायचे. उलट दिशेनेही जाता येते. शाळेतल्या शिक्षकांनी सुट्टीत काही दिवस चित्रीकरणावर काढावेत अशी सोय असते, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे तंत्र फळ्यावर उतरत नाही.

उद्योगाने काय द्यायचे, हे कॅलिफोर्नियात थोडेफार कायद्यानेही बांधले आहे. चित्रीकरण राज्याबाहेर जाऊ नये म्हणून राज्य निर्मात्यांना करसवलत देते. ही योजना २००९ पासूनची. २०१४ च्या कायद्याने ती वर्षाला ३३ कोटी डॉलरपर्यंत वाढवली आणि त्याबरोबर एक अट घातली: सवलत घेणाऱ्या निर्मितीने विद्यार्थ्यांना व्यवसायाची ओळख करून दिली पाहिजे. ती पगारी उमेदवारी देऊन, वर्गात कार्यशाळा घेऊन, मुलांना सेट दाखवून, शिक्षकांना सेटवर घेऊन किंवा पैसे देऊन पुरी करता येते. पुढच्या आवृत्तीत वंचित गटांतल्या प्रशिक्षणार्थींसाठी वेगळा निधीही आला. दातृत्व मोठ्या माणसांच्या मर्जीवर अवलंबून असते, कायद्यातली अट टिकते. म्हणून हा मार्ग अधिक भक्कम. पण या पर्यायांचे मोल सारखे नाही. सेट पाहिलेल्या मुलाला एक आठवण मिळते. पगारी उमेदवारी केलेल्या मुलाला दिवसांची नोंद मिळते, आणि पुढच्या वेळी फोन करू शकणारी चार माणसे मिळतात. ‘पगारी’ या शब्दावर आग्रह हवा, कारण फुकट काम करणे परवडते ते खात्यापित्या घरच्या मुलांनाच. फुकट उमेदवारीने नेमकी तीच चाळण परत लागते, जी काढायला शाळा निघाली.

अठरा वर्षांखालच्या मुलांना सेटवर नेणे सोपेही नाही. कॅलिफोर्नियात अल्पवयीनाला कामाचा परवाना लागतो, तासांवर मर्यादा असते, रात्री उशिरा थांबवता येत नाही. केंद्राच्या कामगार कायद्याने यंत्रचलित करवतीसारखी धोक्याची साधने या वयाला बंद ठेवली आहेत. शिकाऊ मुलांना देखरेखीखाली मर्यादित सूट मिळते. सेटवरचा दिवस बारा तासांचा असतो, हे लक्षात घेतले तर मुले सुरुवातीला निर्मितीचे कार्यालय, वेशभूषेचा विभाग, संकलनाची खोली इथेच जास्त का दिसतात ते कळते.

याहून मोठी अडचण धंद्याच्या चढउतारांची आहे. रॉयबलचा विभाग सुरू होऊन वर्षही झाले नव्हते, तेवढ्यात मे २०२३ मध्ये लेखकांचा संप सुरू झाला आणि १४८ दिवस चालला. जुलैत अभिनेते उतरले. त्यांचा संप ११८ दिवसांचा. सेट बंद पडले आणि सर्वांत आधी झळ लागली ती रेघेखालच्या माणसांना, ज्यांचा त्या वाटाघाटीशी थेट संबंधही नव्हता. संप मिटल्यावरही काम पूर्वीसारखे आले नाही. स्टुडिओंनी मालिका कमी केल्या, चित्रीकरण जॉर्जिया, कॅनडा, ब्रिटन, हंगेरीकडे जात राहिले. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने करसवलतीची मर्यादा ७५ कोटी डॉलरवर नेली ती या ओहोटीमुळेच. टंचाईच्या काळात आखलेली शाळा मंदीच्या काळात मुले बाहेर पाठवते, असे इथे झाले.

अशा वेळी ‘ए’ ते ‘जी’ची ती यादी उपयोगी ठरते. हातात विद्यापीठाची पात्रता असलेली मुलगी दोन वर्षे थांबू शकते. शिवाय शिकलेले काम चित्रपटापुरते नसते: विजेचे काम इमारतीत लागते, ध्वनी सभागृहात, संकलन रुग्णालयांपासून क्रीडासंघांपर्यंत सगळीकडे, आणि अंदाजपत्रक बांधणे तर कुठेही. ज्या शाळा एकाच यंत्राचे किंवा एकाच सॉफ्टवेअरचे बटण शिकवतात, त्यांची मुले यंत्र बदलले की अडकतात. प्रकाशाचा नियम शिकलेला मुलगा नव्या दिव्यालाही आठवड्यात आपलेसे करतो.

शाळा सुटल्यावरची वाटही आता थोडी आखली गेली आहे. काही मुले राज्याच्या विद्यापीठांत चित्रपट किंवा दुसराच विषय घेतात. काही स्थानिक सामुदायिक महाविद्यालयात जातात. वेस्ट लॉस एंजेलिस कॉलेजमध्ये तंत्रज्ञ-संघटनेच्या सहकार्याने सुतारकाम, वेशभूषा, दिवे अशा खात्यांचे प्रशिक्षण दिले जाते आणि त्यातून संघटनेच्या यादीकडे जाता येते. उरलेली थेट निर्मिती-साहाय्यक म्हणून लागतात. हे काम म्हणजे पहाटे सर्वांच्या आधी पोचणे, वाहनतळ अडवून धरणे, कॉफी आणणे, वॉकीटॉकीवर ‘रोलिंग’ ऐकताच आसपासच्यांना गप्प करणे. त्यात कौशल्य कमी आणि निरीक्षण जास्त. कोणत्या खात्यात आपले मन रमते ते इथे कळते, आणि त्या खात्याच्या प्रमुखालाही ही मुलगी वेळेवर येते, विचारते, ऐकते, हे दिसते. मग एखाद्या दिवशी त्याच्याकडे एक माणूस कमी पडतो. तो तिचे नाव कॉलशीटवर घालतो, आणि यादीसाठी लागणाऱ्या ३० दिवसांतला पहिला दिवस नोंदवला जातो.